शुद्ध हात की स्वच्छ हात?

बाळंतपणानंतर गर्भाशयात जंतुसंसर्ग होऊन बाई दगावली, की खापर फुटतं 'अडाणी' सुईणीवर. या आरोपाची उलटतपासणी करायला हवी.

१८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा. बाळंतज्वराने जास्त बाया मरायच्या त्या डॉक्टरांच्या विभागात! तिथे दाखल करू नका म्हणून बाया गयावया करत. इग्नाझ सेमेलवाइसने कारण शोधलं: डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीला तपासत होते. मे १८४७ पासून त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये शंभरात सुमारे अठरा बाया मेल्या होत्या, काही महिन्यांत हे प्रमाण दोनच्या आसपास आलं. तरी अनेक बड्या डॉक्टरांना ते पटलं नाही. प्रतिष्ठिताचे हात घाण कसे असतील?

हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. शुद्धता जन्मावरून ठरते, स्वच्छता साबण-पाण्याने येते. महाराष्ट्रात अनेक गावांत सुईणपण मातंग बायांकडे होतं. नाळ कापायला तिचा हात चालायचा, माठाला मात्र चालायचा नाही. मग तिने हात धुवायचे कुठे? ती गेल्यावर घरात गोमूत्र शिंपडलं जायचं. आणि बाळंतीण स्वतःच विटाळाची, अंधाऱ्या खोलीत, जुनेरावर. तिला कुणी शिवायचंच नाही, तर अंग तापलंय हे कळणार कसं?

आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण अनेकदा ताप चढतो घरी आल्यावर. सिझेरियन झालेल्या बाईला धोका आणखी जास्त. ताप, थंडी, ओटीपोटात दुखणं, अंगावरून घाण वासाचा स्राव: यातलं काहीही दिसलं तर 'बाहेरचं' बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. अंगाऱ्यात प्रतिजैविक नसतं.

बाबासाहेब १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार बाईच्या बाळंतपणातल्या पगारी विश्रांतीसाठी बोलले होते. आजही वीटभट्टीवरची बाई अंगात ताप घेऊन आठवड्याभरात कामाला लागते. जयंतीच्या मंडळांनी तिच्या झोपडीपर्यंत जावं. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं असतं. वस्तीत त्या आल्या का, त्यांनी बाळासोबत आईचाही ताप बघितला का, याची वही ठेवा. आणि आरोग्य केंद्राच्या प्रसूती खोलीतला नळ उघडून पाहा, पाणी येतं का ते.