समजूत नको, निर्णयात वाटा हवा

नवे यंत्र आणावयाचे, दोन विभाग एकत्र करावयाचे किंवा काम ठेकेदाराकडे सोपवावयाचे ठरले की आजकाल व्यवस्थापक मंडळींना प्रथम प्रशिक्षणाला धाडले जाते. तेथे त्यांना 'बदलाची मानवी बाजू' शिकविली जाते. कामगार घाबरतो, जुन्या सवयीला चिकटतो, रागावतो आणि शेवटी निवळतो. तेव्हा त्याचे ऐकून घ्या, त्याला धीर द्या. ऐकून घेण्याला कोण नको म्हणेल? परंतु या उपदेशात एक गृहीतक बेमालूम दडविलेले आहे: निर्णय झालेला आहे, प्रश्न उरला आहे तो फक्त कामगाराच्या मनःस्थितीचा.

या विद्येचा एक मूळ पुरावाच तिच्याविरुद्ध साक्ष देतो. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील मेरियन गावी हारवुड कंपनीचा पायजम्यांचा कारखाना होता. कामाची पद्धत बदलली की तेथे उत्पादन घसरे, माणसे नोकरी सोडून जात. लेस्टर कोच व जॉन फ्रेंच यांनी तेथे केलेला प्रयोग 1948 साली प्रसिद्ध झाला. इस्त्री करणाऱ्या एका गटाची रीतसर बैठक घेऊन बदल व नवा दर सांगण्यात आला, स्पर्धेचे कारण देण्यात आले, शंकांना उत्तरेही मिळाली. पहिल्या चाळीस दिवसांत त्या गटातील 17 टक्के कामगार नोकरी सोडून गेले. ज्या गटांतील सर्वांनी मिळून नव्या कामाची आखणी केली, त्यांचे उत्पादन पूर्वीपेक्षा सुमारे 14 टक्क्यांनी वाढले, आणि त्या काळात एकही जण गेला नाही. पुढे पहिल्या गटातील उरलेल्यांना दुसऱ्या कामावर नेताना हीच सहभागाची रीत वापरली, तेव्हा तेही झपाट्याने सावरले. माणसे तीच, स्वभाव तोच!

अर्थात तो अधिकारही तोकडाच. बदल कसा करावा एवढेच त्यांना विचारले. करावा की नाही, हे नाही.

मुंबईला हा प्रश्न परका नाही. 1928 साली गिरणीमालकांनी कार्यक्षमतेच्या नावाने विणकरावर दोनाऐवजी तीन माग लादू पाहिले, तेव्हा सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर राहिले. तिसरा माग आला की शेजारचा विणकर रस्त्यावर येतो, हा त्यांचा साधा हिशेब होता. त्याला 'मानसिक प्रतिकार' म्हणणे ही शुद्ध मखलाशी आहे.

मधल्या फळीतील व्यवस्थापकावर आमचा राग नाही. निर्णय बहुधा त्यालाही आयताच कळतो, आणि पुढच्या बदलात त्याचीही खुर्ची जाऊ शकते. त्याला मदतच करावयाची तर दर, पाळ्या व नेमणुका यांवर बोलणी करण्याचा अधिकार त्याच्या हाती द्यावा. नुसते गोड बोलण्याचे धडे देऊ नयेत.

कायदा काय देतो? छाटणीची शक्यता असलेल्या यांत्रिक सुधारणेपूर्वी 21 दिवसांची नोटीस द्यावी, असे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याचे कलम 9-अ सांगत होते. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेच्या कलम 40 मध्येही ती तरतूद आहे. नोटीस द्यावी लागते, संमतीची अट नाही. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम 43-अ व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाची जबाबदारी राज्यावर टाकते. पण ते मार्गदर्शक तत्त्व, त्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही.

तेव्हा संघटनेने व्यवस्थापनाच्या 'संवाद-बैठकी'चे निमंत्रण नाकारू नये. जावे, आणि पहिलाच प्रश्न विचारावा: या 21 दिवसांत ठरलेल्यापैकी कोणती गोष्ट बदलू शकते? उत्तर 'कोणतीही नाही' असे आले, तर ते त्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे.