आभाळाची राखण

आम्ही सावदा, फैजपूर, रावेर, वरणगाव, भुसावळ या पट्ट्यातले बागायतदार, व्यापारी, कामगार, शिक्षक आणि विद्यार्थी. सरहद्द आमच्यापासून फार लांब आहे, असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. आता ती आमच्या डोक्यावर येऊन ठेपली आहे.

सावद्याहून केळी भरून निघालेल्या ट्रकला दिल्लीची वाट उपग्रह दाखवतात. मोबाइलचे टॉवर, बँकांचे व्यवहार आणि विजेचे जाळे उपग्रहांच्या वेळेवर घड्याळ लावतात. वादळाचे ढग आधी इन्सॅट उपग्रहांना दिसतात, मग आम्हाला. अमेरिकेच्या जीपीएसचे संकेत सुमारे 20,000 किलोमीटरवरून येतात आणि इतके क्षीण असतात की जमिनीवरचे लहानसे यंत्रही ते बुडवू शकते. एवढ्या नाजूक धाग्यावर आमचा बाजार उभा आहे.

24 फेब्रुवारी 2022. रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये घुसण्याच्या सुमारे तासभर आधी वायासॅट कंपनीच्या उपग्रह-इंटरनेटवर सायबर हल्ला झाला. युक्रेनमधले हजारो मोडेम निकामी झाले. आणि त्या युद्धात नसलेल्या जर्मनीत सुमारे 5,800 पवनचक्क्यांचा दूरनियंत्रणाचा संपर्क तुटला. नेम एकावर होता, घाव दुसऱ्यालाही बसला.

7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव ठरला, तेव्हा महाराष्ट्राच्या यादीत भुसावळचे नाव होते. का होते, हे आम्हाला कोणी सांगायला नको. रेल्वेचे मोठे जंक्शन इथे आहे, दीपनगरचे वीज केंद्र इथे आहे, भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी इथे आहेत. पण भोंगा वाजला की काय करायचे, इथेच आमचे शिक्षण थांबते. फोन, वीज आणि पैशांचे व्यवहार एकाच वेळी मुके झाले, तर काय करायचे?

आम्ही मानतो की सुरक्षा हे फक्त जवानाचे काम नाही. ज्याचे पीक, त्याची राखण. ज्यांचे आभाळ, त्यांनी ते राखायला शिकावे.

आम्ही मानतो की परक्याच्या घड्याळावर चालणारा देश पुरता स्वतंत्र नसतो. वाट आणि वेळ सांगणाऱ्या आपल्या 'नाविक' उपग्रह प्रणालीचा पहिला उपग्रह 2013 साली गेला. पुढे त्यातली परदेशी बनावटीची अणुघड्याळे बिघडली. 29 मे 2023 रोजी गेलेल्या त्याच प्रणालीच्या एनव्हीएस-01 उपग्रहात स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसले. जानेवारी 2025 मधला एनव्हीएस-02 मात्र ठरलेल्या कक्षेत पोहोचला नाही. काम अर्धे झाले आहे. उरलेले करणारे हात आमच्या शाळांतूनही निघतील.

आम्ही मानतो की अंतराळ कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही. 1967 चा अंतराळ करार कक्षेत अण्वस्त्रे ठेवायला मनाई करतो, पण उपग्रह फोडणाऱ्या क्षेपणास्त्राला थांबवत नाही. 27 मार्च 2019 रोजी भारताने मिशन शक्तीत सुमारे 300 किलोमीटर उंचीवरचा स्वतःचा उपग्रह पाडून आपली ताकद दाखवली. आता नियम घडवण्यातही भारताने पुढे असावे.

आम्ही मानतो की हा विषय खान्देशाला परका नाही. 1207 च्या सुमारास चाळीसगावजवळच्या पाटणला गणिती आणि ज्योतिर्विद भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, आणि तिथल्या बाजारातल्या मालावरचे राजाचे उत्पन्न त्या मठाला लावून दिले गेले, असे तिथला शिलालेख सांगतो. या मातीत बाजाराने आभाळाची विद्या पोसली आहे.

म्हणून आम्ही हे करू.

प्रत्येक माध्यमिक शाळेत आकाशवर्ग चालवू. मुले साध्या अँटेनावर हवामान उपग्रहाची चित्रे स्वतः उतरवतील. त्या खर्चासाठी बाजार समितीच्या सेसमधला छोटा वाटा मागू.

नगरपालिका, दवाखाने, पाणीपुरवठा आणि बाजार यांच्याकडून संपर्क तुटलेल्या दिवसाचा लेखी आराखडा घेऊ. वर्षातून एक दिवस तो चालवून पाहू. परवानाधारक हॅम रेडिओचालक गावोगाव तयार करू.

फवारणीचे ड्रोन उडवणाऱ्या मुलामुलींना 2021 च्या ड्रोन नियमांचे रीतसर शिक्षण देऊ.

आमच्या शेताचे, आमच्या घराचे चित्र आभाळातून कोणी टिपले आणि ते कोणाकडे आहे, हे विचारू. सुरक्षेच्या नावाखाली नागरिकावर पाळत आम्ही चालू देणार नाही.

या चळवळीत यायला इंजिनिअर असावे लागत नाही. रात्रीची पाण्याची पाळी सांभाळणारे, केळीचे घड मोजणारे, रेल्वेत सिग्नल पाहणारे, दवाखान्यात रात्रपाळी करणारे, सगळे या. येताना एकच कागद आणा: उपग्रह एक दिवस गप्प राहिले, तर तुमचे कोणते काम अडेल आणि ते कसे चालवाल. त्या कागदांवरूनच सावद्याचा पहिला आराखडा लिहिला जाईल.