स्थिरांक पाठ करावे कीं ओळखावे?

शाळेच्या प्रयोगशाळेंत लंबकाचा प्रयोग चालूं असतां एक प्रकार आमच्या वारंवार दृष्टीस पडतो, व त्यावरूनच हा लेख लिहिण्याचें मनांत आलें. विद्यार्थी दोऱ्यास धातूचा गोळा बांधितो, वीस झोके मोजितो, वेळ टिपून घेतो, सूत्रांत आंकडे घालितो, आणि गुरुत्वत्वरण ९.६९ आलेलें पाहून त्याचा चेहरा उतरतो. मग तो इकडे तिकडे पाहतो, खोडरबर काढितो, वेळेच्या रकान्यांतील एखादा आंकडा हलकेच बदलितो आणि खालीं टपोऱ्या अक्षरांत ९.८ असें लिहितो. वहीवर 'बरोबर' अशी खूण होते. मुलगा आनंदित, घरचीं माणसें आनंदित.

पुष्कळांस हा प्रकार क्षुल्लक वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाहीं. त्या ९.६९ मध्यें एक बातमी होती. मुलानें लांबी मोजली ती दोऱ्याच्या टोंकापासून गोळ्याच्या डोक्यापर्यंत, व ती ९९ सेंटिमीटर भरली. वस्तुतः ती गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावयास पाहिजे होती. गोळ्याची त्रिज्या एक सेंटिमीटर. म्हणजे शंभरांतील एक भाग मोजणींतून सुटला, आणि म्हणून उत्तरही शंभरांत एक भाग कमी आलें. तो आंकडा तसाच ठेवून "हा कमी कां आला?" असें ज्यानें स्वतःस विचारिलें असतें, त्यास आपली चूक आपल्याच हातानें सांपडली असती. ज्यानें ९.८ लिहिलें त्यास गुण मिळाले. मात्र लांबी कोठून कोठपर्यंत मोजावी हें त्यास अद्याप ठाऊक नाहीं.

याहून मौजेची गोष्ट अशी कीं, ज्या ९.८ साठीं ही सारी खोडाखोड झाली, तो आंकडा आमच्या गांवचा नव्हेच! पृथ्वी ध्रुवांपाशीं किंचित चपटी आहे आणि ती स्वतःभोंवतीं फिरते; यामुळें गुरुत्वत्वरण विषुववृत्तावर सुमारें ९.७८ व ध्रुवांवर सुमारें ९.८३ मीटर दर सेकंदास दर सेकंदीं असतें. कळमनुरी विसाव्या अक्षांशाच्या किंचित दक्षिणेस. अक्षांशाच्या सूत्रानें हिशेब करून समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची वजावट केली, तर येथील त्वरण ९.७९ हूनही किंचित कमी निघतें. चंद्रावर तेंच १.६२ आहे. तेव्हां ज्यास आपण स्थिरांक, स्थिरांक म्हणून डोक्यावर घेतों, तें वास्तविक स्थळाचें एक माप आहे. पाऊसमान जसें गांवोगांव निराळें तसेंच हें, फक्त फरक फार थोडा असल्यामुळें आपण तो सोडून देतों. सोडून देणें यांत कांहीं गैर नाहीं. परीक्षेंत "दहा धरा" असें सांगितल्यास खुशाल दहा धरावे, शंभरांत दोनांची चूक पत्करावी. परंतु आपण कांहीं तरी सोडून दिलें आहे ही जाणीव मुलास असावी, इतकेंच आमचें म्हणणें.

कित्येक घरांत आजोबा व नातू यांचा या आंकड्यावरून वाद होतो. आजोबा म्हणतात, "आमच्या वेळीं बत्तीस होतें." नातू म्हणतो, "छे, आजोबा, नऊ पूर्णांक आठ!" दोघेही खरे. आजोबांची पट्टी फुटांची होती, नातवाची मीटरांची आहे. पृथ्वीची ओढ मध्यंतरीं कमी झालेली नाहीं. एककावांचून स्थिरांक म्हणजे गांवाच्या नांवावांचून पत्ता होय, आणि आमच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या वह्यांत असे बिनगांवाचे पत्ते भरलेले असतात.

मापें बदलण्याचे जे आंकडे असतात त्यांची जात आणखी निराळी. ते सृष्टीनें दिलेले नसून माणसांनीं आपसांत ठरविलेले असतात. कळमनुरीच्या जुन्या पिढीस यासाठीं पुस्तक उघडावें लागत नसे. हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता तेव्हां बाजारांत हाली सिक्का चाले आणि इंग्रजी मुलखांत कलदार. सहा कलदार म्हणजे सात हाली. शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. विदर्भाकडील बाजारांत जाणाऱ्या व्यापाऱ्यास हा सात-सहाचा आंकडा पायसारखाच पाठ असे. पुढें १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें, त्यानंतर कांहीं वर्षांनीं हाली सिक्का चलनांतून गेला, आणि तो 'स्थिरांक'ही त्याच्याबरोबर गेला. तो स्थिर होता तो केवळ सरकारच्या शब्दावर. उलट एका एकराचे चाळीस गुंठे, व एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा, हा करार आजही टिकून आहे. शेताच्या वांटणींत भावाभावांचें भांडण लागतें तेव्हां त्याची किंमत कळते.

असे करार विसरल्यानें काय होतें याचें मोठें उदाहरण १९९९ सालीं घडलें. अमेरिकेनें मंगळाकडे धाडलेल्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर या यानाच्या हिशेबांत एका बाजूनें आंकडे पौंडांच्या मापांत दिले, दुसऱ्या बाजूनें ते न्यूटनांच्या मापांतले समजून घेतले. दोहोंत सुमारें ४.४५ पटींचा फरक. त्या वर्षींच्या सप्टेंबरांत यान मंगळापाशीं पोहोंचलें आणि ठरल्यापेक्षां फार खालून गेल्यामुळें नष्ट झालें. गुणाकारांत कोणी चुकलें नव्हतें.

आतां पायकडे वळूं. हा अगदीं वेगळ्या कुळांतला. त्यास एकक नाहीं, गांव नाहीं, सरकार नाहीं. वर्तुळाचा परिघ व्यासाच्या किती पट, एवढाच तो प्रश्न, व त्याचें उत्तर कळमनुरींत आणि चंद्रावर एकच. तरी देखील मुलांची अशी समजूत असते कीं पाय म्हणजे बावीस सप्तमांश. "बावीस सप्तमांश हा पाय नसून पायाचा शेजारी आहे" असें आम्ही वर्गांत सांगतों तेव्हां हंशा पिकतो, पण समजूत जात नाहीं. ज्यांचें नांव जळगांव जिल्ह्यांतील पाटणाशीं जोडलेलें आहे त्या भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतींत दोन्ही आंकडे दिले आहेत : सूक्ष्म हिशेबास ३९२७ भागिले १२५०, म्हणजे ३.१४१६, व व्यवहारास २२ भागिले ७. कोणता आंकडा कोणत्या कामाचा हेंही त्यांनीं सांगून ठेविलें. आमच्या मतें साऱ्या धड्याचें सार या दोन शब्दांत आहे : सूक्ष्म आणि व्यवहार. वीस फूट व्यासाच्या विहिरीस कठडा बांधावयाचा तर दोन्ही आंकड्यांनीं येणाऱ्या परिघांत तिसऱ्या हिश्शाच्या इंचाहूनही कमी फरक पडतो. गवंडी तो चुन्यांत मिटवून टाकील. दुसरीकडे, ग्रहांपर्यंत यानें नेणारे अमेरिकेंतील संशोधक दशांशचिन्हापुढें पंधरा आंकडे घेऊन थांबतात. हें ज्यास कळलें त्यानें पायचे शंभर आंकडे पाठ करून स्नेहसंमेलनांत म्हणून दाखविण्यास आमची हरकत नाहीं. तीही एक कसरत आहे.

बीजगणितांत गोंधळ निराळ्या जागीं होतो. 'य बरोबर म गुणिले क्ष अधिक क' असें फळ्यावर लिहिलें कीं मुलगा विचारितो, "गुरुजी, चारही अक्षरेंच, मग त्यांतील दोन स्थिर व दोन चल हें कोणीं ठरविलें?" प्रश्न उत्तम आहे, आणि त्याबद्दल मुलास गप्प बसविणें हें पाप आहे. ठरवितो तो गणिताचा प्रसंग. घरीं विजेचें बिल येतें त्यांत 'स्थिर आकार' म्हणून एक रकाना असतो. दिवा एक तास जळो कीं दहा तास, तो आकार त्या महिन्यास तोच. बाकीचा आकार मात्र युनिटांप्रमाणें वाढतो. (प्रत्यक्ष बिलांत युनिटांचे टप्पे असतात, ते क्षणभर बाजूस ठेवूं.) येथें 'क' म्हणजे स्थिर आकार, 'म' म्हणजे युनिटाचा दर, आणि क्ष म्हणजे आपण जाळलेलीं युनिटें. नवा दर लागूं झाला कीं कालचे स्थिरांक बदलले. परंतु त्या एका बिलापुरते ते स्थिरच. स्प्रिंगेच्या गणितांतील स्थिरांकही असाच. तो त्या एका स्प्रिंगेचा गुण आहे, दुसरी आणली कीं दुसरा. "सर, 'के' ची किंमत किती असते?" असें जेव्हां मुलें विचारितात, तेव्हां तीं 'मुलाचें वय किती असतें?' असें विचारीत आहेत हें त्यांस हसत हसत सांगावें.

राहिले ते सृष्टीचे खरे स्थिरांक. आणि त्यांची गोष्ट आतां आपल्या शेजारीं येऊन ठेपली आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यांतच, शेजारच्या औंढा तालुक्यांत, गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारावयाची असून केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें तीस सुमारें २,६०० कोटि रुपयांची मंजुरी दिली. तिला काटकोनांत दोन भुजा असावयाच्या, प्रत्येक चार किलोमीटर लांब. अमेरिकेंतील तशाच दोन यंत्रांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं पहिली लहर टिपली. सुमारें एकशेंतीस कोटि प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरें एकमेकांत मिसळलीं होतीं. एक सूर्याच्या छत्तीसपट, दुसरें एकोणतीसपट वजनाचें. एवढ्या प्रचंड उत्पातानें चार किलोमीटरांच्या भुजेंत फरक पडला तो किती? प्रोटॉनच्या व्यासाचा सुमारें चारशेवा हिस्सा!

इतका थोडा कां? याचें उत्तर दोन स्थिरांकांत आहे. गुरुत्वलहरींच्या सूत्रांत न्यूटनचा गुरुत्वस्थिरांक, म्हणजे मुलें ज्यास 'मोठा जी' म्हणतात तो, प्रकाशवेगाच्या चतुर्थ घातानें भागिलेला असतो. मीटर, किलोग्रॅम व सेकंद यांच्या मापांत हा भागाकार मांडिला तर दशांशचिन्हापुढें चव्वेचाळीस शून्यें येतात आणि मग आठ. एवढें लहान अपूर्णांक समोर असल्यामुळें सूर्यांच्या वजनाचे गोळे आदळले तरच कांहीं तरी हालतें. ज्यानें हे दोन आंकडे केवळ पाठ केले त्यास चार किलोमीटरांच्या भुजा हा एक डौल वाटेल. ज्यानें ते ओळखले त्यास ती गरज दिसेल.

या दोन आंकड्यांचा स्वभावही एकसारखा नाहीं. प्रकाशाचा वेग २९,९७,९२,४५८ मीटर दर सेकंदास, आणि त्यापुढें एकही दशांश नाहीं. कारण १९८३ पासून मीटरच त्या वेगावरून ठरविला जातो. मोठा जी मात्र अद्याप हट्टी आहे. हेन्री कॅव्हेंडिश यानें १७९८ सालीं शिशाच्या गोळ्यांची परस्परांवरील ओढ मोजून पृथ्वीची घनता काढिली, तेव्हांपासून मोजमापें चालू आहेत, तरी ६.६७४ च्या पुढील आंकड्यांविषयीं निरनिराळ्या प्रयोगशाळांचें अजून एकमत होत नाहीं. तेथें कोणी खोडरबर घेऊन बसत नाहीं. प्रत्येक जण आपला आंकडा व त्यांतील चुकीची मर्यादा छापून मोकळा होतो. 'प्रकाशाचा वेग' हें नांवही अपुरें आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं दोन न्यूट्रॉनताऱ्यांच्या मीलनाची गुरुत्वलहर पोहोंचली आणि १.७ सेकंदांनीं गॅमा किरण पोहोंचले. सुमारें तेरा कोटि वर्षांच्या प्रवासांत एवढेंच अंतर! म्हणजे गुरुत्वही त्याच वेगानें धांवतें. आणि ज्याच्या नांवांतच स्थिरांक आहे तो हबलचा स्थिरांक विश्वाच्या वयाबरोबर बदलतो. त्याची आजची किंमत ६७ च्या आसपास कीं ७३ च्या, यावर ज्योतिषी भांडत आहेत.

पालकवर्गापैकीं कोणी म्हणतील, "हें सारें ठीक, पण गुण उत्तरास मिळतात, विचारास नव्हे." ही तक्रार पुष्कळ अंशीं खरी आहे, आणि तिचा दोष मुलांवर घालतां येत नाहीं. ज्या तपासणींत ९.६९ वर तांबडी रेघ व ९.८ वर बरोबरची खूण पडते, ती तपासणीच मुलास खोटें लिहावयास शिकविते, असें आम्ही स्पष्ट म्हणतों. आमचें म्हणणें असें कीं, प्रयोगाच्या वहींत अर्धे गुण आलेल्या आंकड्याच्या कारणमीमांसेस असावे, आणि ९.८ नेमकें आल्यास शिक्षकांनीं थोडें संशयानें पाहावें. घरीं पालकांनीं "किती आलें?" याबरोबरच "कोठून कोठपर्यंत मोजलेंस?" एवढें विचारावें, त्यासाठीं पदार्थविज्ञान येण्याची गरज नाहीं.

पुढील वर्षींच्या अंकासाठीं आमची एक मागणी आहे. लंबकाच्या वह्यांतील जीं पानें खोडलेलीं नाहींत तीं विद्यार्थ्यांनीं आम्हांकडे आणून द्यावींत. उत्तर ९.४ असो कीं १०.२ असो, दोरा केवढा होता, गोळा केवढा, झोके किती मोजले आणि घड्याळ कोणाचें, हें खालीं लिहिलेलें असलें म्हणजे झालें. त्यांतील पांच-सहा पानें या विभागांत जशींच्या तशीं छापूं.