वाळ्याचा नंबर

१९८६ च्या थंडीतली गोष्ट. वसई पट्ट्यातल्या एका गावात मी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. सोनेतारण कर्जाचे काम माझ्याकडे होते. एका सकाळी केळी आणि पानवेलीची वाडी असलेले एक काका टेबलाशी आले. रुमालाची गाठ सोडून त्यांनी एक लहानसे वाळे पुढे ठेवले आणि विचारले, ''साहेब, ही चांदी आहे का?''

मी भिंग लावून पाहिले. चांदी नव्हती, ॲल्युमिनियमची बारीक पट्टी वळवून केलेले वाळे होते. त्यावर एक नंबर आणि इंग्रजी अक्षरे : 'इन्फॉर्म बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी'. म्हणजे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.

''कुठे मिळालं?''

काकांनी आधी दाराकडे पाहिले. ''मिठागरात. बदकाच्या पायात.''

पुढचे विचारावे लागले नाही. पीक संरक्षणासाठी त्यांच्याकडे ठासणीची परवान्याची बंदूक होती, हे गावाला ठाऊक होते. पाखरे मारण्याचा परवाना मात्र निराळा लागे आणि तो त्यांच्याकडे नव्हता. मी म्हटले, ''काका, त्यांना पत्र टाकू. पक्षी कुठला, कधी, कुठे मिळाला एवढंच कळवायचं. त्यांना आनंद होईल.''

''आनंद त्यांना होईल, आणि जंगलखात्याची माणसं माझ्या दारात येतील.'' वाळे पुन्हा रुमालात गेले. काका उठले.

ज्या माणसाचे अर्धे आयुष्य पावत्यांचे आणि चेकांचे नंबर टिपण्यात गेले, त्याने तो नंबर टिपून घेतला नाही. हातात पेन होते, समोर पॅड होते. काकांना वारूनही आता पुष्कळ वर्षे झाली. तो डबा, तो रुमाल कुठे गेला, घरच्यांना सांगता येत नाही.

त्या नंबराचे मोल काय, हे बँकेच्याच भाषेत सांगतो. पक्ष्याच्या पायात वाळे घातले की एक नोंद होते : अमुक जातीचे बदक, अमुक दिवशी, अमुक तळ्यावर. ही झाली जमेची बाजू. दुसरी नोंद करणारा माणूस शास्त्रज्ञाच्या ओळखीचा नसतो. ज्याच्या हाती तो पक्षी पडेल तो. आणि बदकांच्या बाबतीत तो बहुधा शिकारी असतो. त्याने कळवले नाही तर नोंद कायमची जुळवणीवाचून राहते.

सोसायटीने पक्ष्यांना वाळी घालण्याचे मोठे काम १९५९ पासून हाती घेतले. त्याला निमित्त झाले कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली उद्भवलेल्या तापाचे. हा रोग गोचिडांमार्फत पसरतो; त्या गोचिडी स्थलांतरी पक्ष्यांबरोबर परदेशातून तर येत नसतील, अशी शंका होती. जागतिक आरोग्य संघटनेने मदत केली आणि डॉ. सालिम अलींच्या देखरेखीखाली हजारो पक्षी पकडून, वाळी घालून सोडले गेले. पकडणारे कोण? बिहारचे मीरशिकार! पिढ्यान्‌पिढ्या जाळी आणि फासे लावून पाखरे विकणारी ही माणसे. पिसालाही धक्का न लावता पक्षी धरण्याची त्यांची कला आता शास्त्राच्या कामी आली. भरतपूरला वाळी घातलेली बदके उन्हाळ्यात हजारो मैल उत्तरेला जात आणि सायबेरियातला कुणी शिकारी ती टिपी. त्याला मुंबई कुठे आहे हे माहीत असण्याचे कारण नव्हते. तरीही त्या काळच्या सोव्हिएत देशातून वाळ्यांची खबर मुंबईपर्यंत आली. आपल्याकडची बदके कुठली पाहुणी, हे आपल्याला असे कळले. आणि चर्चगेट लोकलने दीड तासावर असलेल्या आमच्या गावातून मात्र एक पोस्टकार्ड गेले नाही.

पण वाटेच्या पलीकडचाही एक हिशेब आहे. बदके मोजायची कशी? ती काय रांगेत उभी राहतात? अमेरिकेत फ्रेडरिक लिंकन नावाच्या गृहस्थांनी १९३० साली एक सोपी रीत मांडली. समजा, हजार बदकांना वाळी घातली आणि त्या हंगामात शिकाऱ्यांकडून शंभर वाळी परत आली, म्हणजे दहातले एक मारले गेले. आता सगळ्या शिकाऱ्यांनी मिळून एक लाख बदके मारली असतील, तर मूळची दहा लाखांच्या आसपास असली पाहिजेत. सगळेच शिकारी कळवत नाहीत, तेव्हा तोही फरक धरावा लागतो. पण पायाच मुळी शिकाऱ्याच्या शब्दावर. तिकडे १९३४ पासून बदकाच्या शिकारीसाठी सरकारी तिकीट विकत घ्यावे लागते आणि तो पैसा पाणथळ जागा राखायला जातो. निवडलेले शिकारी मारलेल्या बदकाचा एक पंख लिफाफ्यात घालून टपालाने पाठवतात. पंखावरून जात, वय, नर की मादी हे ओळखता येते; त्या वर्षी पिल्ले किती जगली याचा अंदाज त्यातून निघतो.

हे वाचून कुणी म्हणेल, मग आपणही शिकार खुली करावी काय? मुळीच नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीची दारे जवळजवळ बंदच झाली, आणि ते योग्यच झाले. आमच्या मिठागरांत बार काढणारे लोक काही गणनेसाठी बार काढत नव्हते. भरतपूरला एक शिलालेख आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले, असे त्यावर कोरले आहे. वाचताना पोटात कालवते. पण तेव्हा बढाई म्हणून कोरलेला तो आकडा आज त्या तळ्यावर केवढे थवे उतरत असतील याची साक्ष देतो. सोसायटी १८८३ साली स्थापन झाली तेव्हा तिच्या मंडळींत शिकारीचे शौकीन होतेच. सालिम अली स्वतः शिकारीची हौस असलेल्या मामांच्या घरी वाढले. १९०८ साली छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या, गळ्याला पिवळा डाग असलेल्या एका चिमणीची चौकशी करायला ते सोसायटीत गेले आणि तिथलेच झाले.

माझे म्हणणे एवढेच, की आपण शिकाऱ्याची बंदूक काढून घेतली ती ठीक. पण तिच्याबरोबर त्याचे डोळेही घालवले. कुठल्या भरतीला बदके खाजणात उतरतात, दिवाळीनंतर आधी भुवई बदक येते की थापट्या, तलवार बदकांचे थवे कुठल्या सालापासून विरळ झाले, हे त्याला तोंडपाठ होते. ते कुणी विचारले नाही आणि भीतीपोटी त्याने सांगितले नाही.

याची किंमत आता कळते. भाईंदर आणि नायगावच्या मध्ये गाडी खाडी ओलांडते, तिथे अजून मिठागरे दिसतात. पण वसई-विरारमध्ये भरावाचे डंपर कुठे फिरतात, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. एखाद्या खाजणासाठी कुणी तक्रार केली की पहिला प्रश्न येतो : इथे पक्षी होतेच कशावरून? आणि आपल्याकडे दाखवायला जुना आकडा नसतो. दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना सुरू झाली १९८७ साली, म्हणजे काकांचे वाळे माझ्या टेबलावरून गेले त्यानंतर! त्याआधीचे जे काही आहे ते सत्तरी-ऐंशीतल्या काही माणसांच्या डोक्यात. जुनी माहिती, जुनी वाळी, जुन्या डायऱ्या आणून देणाऱ्याला कसलीही विचारणा होणार नाही, असे वनखात्याने लेखी जाहीर करावे. सोनेतारणाची मुदत वाढवून मिळते. या माणसांना वाढीव मुदत मिळायची नाही.

गेल्या जानेवारीत मी भुईगावकडच्या बांधावर गणनेला गेलो होतो. मला मोजता येत नाही. मुलांचा चहाचा थर्मास सांभाळत होतो. बांधावर एक म्हातारे गृहस्थ गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. उजाडायचे होते. डोक्यावरून काहीतरी सूं करत गेले आणि मुलांनी दुर्बिणी उचलण्याआधीच ते म्हणाले, ''थापटी. मागून अजून येतील.'' आली. उजाडल्यावर पोरांनी त्यांना जवळ ओढले. पूर्वी पाणी कुठवर असे, थवे कुठल्या कोपऱ्यात उतरत, हे ते काठीने चिखलात रेघा ओढून दाखवू लागले. एका मुलीने तक्त्यातल्या शेऱ्याच्या रकान्यात सगळे बारीक अक्षरात उतरवून घेतले आणि विचारले, ''आजोबा, तुमचं नाव काय लिहू?''

म्हाताऱ्याने काठी पुसली. ''बाकी सगळं लिही बाळ. नाव नको.''