आपली टीम कोणती? हंगामाबाहेरच्या गप्पांविषयी

नोव्हेंबरच्या मध्याला मोटोजीपीची शेवटची शर्यत होते. त्यानंतर फेब्रुवारीत मलेशियातील सेपांगच्या ट्रॅकवर चाचण्या सुरू होईपर्यंत मोटरसायकल शर्यतींच्या चाहत्याला पाहण्यासारखे फारसे काही उरत नाही. उरते ते बोलणे. कोण कोणत्या टीमकडे चालला, कोणाचा करार का मोडला, कोणाचा खांदा अजून जागेवर आलेला नाही, नवे इंजिन खरोखर जोरकस आहे की नुसती हूल. मानखुर्दमध्ये हे बोलणे मराठीत चालते (हिंदीची भरपूर फोडणी देऊन). काही हिवाळे ते कान देऊन ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे की साहित्याच्या अभ्यासकाने त्याची दखल घ्यावी. मौखिक परंपरा म्हटली की आपण अजून जात्याभोवती घुटमळतो, आणि गॅरेजपुढचा बाक मोकळाच राहतो.

तो बाक येथे सर्वत्र आहे. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यालगत, लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींखाली, मंडाळ्याच्या भंगाराच्या गोदामांकडे जाणाऱ्या वाटेवर. येथील बहुतेकांना मोटरसायकल पोटापाण्यासाठी लागते. जेवणाची पार्सले घेऊन वाशीचा पूल दिवसातून चार वेळा ओलांडणारा मुलगा रात्री डुकाटी आणि यामाहाची तुलना करत बसतो. गाडी पिकअप का घेत नाही हे त्याला स्वतःच्या मनगटातून कळलेले असते. क्रिकेटच्या गप्पांत सहसा न आढळणारा एक गुण त्याच्या बोलण्यात यामुळे येतो: खेळाडूच्या कर्तृत्वातून यंत्राचा वाटा वजा करून पाहण्याची सवय. 'तो जिंकला, पण गाडी कोणती होती?' हा प्रश्न मला समीक्षेचा प्रश्न वाटतो. कवीच्या प्रतिभेतून परंपरेचा वाटा वेगळा काढू पाहणारा समीक्षक याहून वेगळे काय करतो?

अर्थात नेहमीच असे घडत नाही. शर्यत नसलेल्या महिन्यांत करारांच्या बातम्या येतात आणि करार ही कोरडी गोष्ट असल्यामुळे तिला तयार साचे चढवले जातात. जून २०२४ मध्ये डुकाटीने आपल्या मुख्य टीमसाठी होर्हे मार्तिनऐवजी मार्क मार्केझची निवड केली. मार्तिनने एप्रिलियाशी करार केला आणि त्याच वर्षी प्रामॅक या दुय्यम टीमच्या डुकाटीवर, फ्रान्चेस्को बान्यायाला अवघ्या दहा गुणांनी मागे टाकून, तो जगज्जेता झाला. पुढल्या हिवाळ्यात मार्तिन आमच्याकडे सरळ कर्ण होता: थोर घराने नाकारलेला आणि तरी धनुष्य खाली न ठेवणारा. मला हा साचा पटत नाही. महाभारताची उपमा दिली की व्यवहार झाकला जातो. कारखान्याने कोणत्या हिशोबाने निवड केली हे विचारण्याची गरजच उरत नाही, कारण कर्णाला नाकारणारे सभागृह आपल्याला आधीच ठाऊक असते.

गंमत अशी की या दोघांची जी गोष्ट खरोखर मुंबईशी जोडलेली आहे, ती या गप्पांत कधी नीट आलीच नाही. २०१६ साली मोटो-३ या धाकट्या गटात बान्याया आणि मार्तिन एकाच टीमचे रायडर होते. टीम स्पेनची, अस्पार, गाडी महिंद्रा. त्या वर्षी जूनमध्ये नेदरलँड्समधील आसेन येथे बान्यायाने महिंद्राला ग्रांप्रीतला पहिला विजय मिळवून दिला, आणि ऑक्टोबरमध्ये सेपांगला दुसरा. २०१७च्या अखेरीस महिंद्राने तेथून अंग काढून घेतले. पुढे २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांचे जगज्जेतेपद याच दोघांमध्ये शेवटच्या शर्यतीपर्यंत लटकले होते. एवढी बांधीव कथा असूनही मानखुर्दमध्ये ती सांगितली की प्रश्न येतो, 'महिंद्रा? कुठली, सेंच्युरो?'

हा प्रश्न अज्ञानाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. ती शर्यतीची गाडी युरोपात, आरंभी सुटर या स्विस कंपनीच्या साहाय्याने, घडलेली होती. तिच्यावर नाव मुंबईचे असले तरी तिचा एक स्क्रूही येथील कोणाच्या हातून गेलेला नव्हता. उलट केटीएम हे नाव ऑस्ट्रियाचे. पण बजाज ऑटोने २००७ मध्ये तिच्यात भाग घेतला, २०१२ पासून चाकणला तयार झालेली ड्यूक रस्त्यावर आली, आणि आज आमच्या गॅरेजांतून तिची क्लचप्लेट डोळे मिटून बदलणारी पोरे आहेत. तेव्हा 'आपली टीम' म्हणताना येथला चाहता केटीएमचे नाव घेतो, यात मला काहीच विसंगत वाटत नाही.

याची परीक्षा २०२४-२५च्या हिवाळ्यात झाली. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी केटीएमने दिवाळखोरीच्या प्रक्रियेसाठी अर्ज केला. अब्जावधी युरोंचे कर्ज, न विकलेल्या गाड्यांचे ढीग, आणि पेद्रो अकोस्तासारखा रायडर नुकताच मुख्य टीममध्ये घेतलेला. त्या महिन्यांत बाकावर दोन चिंता एका श्वासात बोलल्या जात: अकोस्ताला धड गाडी मिळणार का, आणि आपल्याला स्पेअर पार्ट मिळणार का. फेब्रुवारी २०२५ मध्ये धनकोंनी तीस टक्क्यांवर तडजोड मान्य केली, तेव्हा एका गॅरेजवाल्यांनी तिचा अर्थ ताबडतोब लावला, 'म्हणजे रुपयाला तीस पैसे घ्या आणि वही फाडा.' उधारीची वही ठेवणाऱ्या माणसाचे हे भाष्य मला पुष्कळशा अर्थविषयक लेखांपेक्षा नेमके वाटले. मे महिन्यात बजाजने ८० कोटी युरोंची तरतूद जाहीर केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीचे नियंत्रण आकुर्डीकडे आले. 'भारताने युरोपला वाचवले' या थाटाचा अभिमान मग बाहेर पुष्कळ ऐकू आला. बाकावर तो फारसा टिकला नाही. ड्यूकचे पार्ट स्वस्त होणार की महाग, यावर चर्चा घसरली.

मी या आपलेपणाच्या बाजूचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाला भारताची पहिली मोटोजीपी शर्यत झाली, मार्को बेझेकीने ती जिंकली. २०२४ आणि २०२५ साली ती झालीच नाही. झेंड्याच्या आधारावर उभी राहिलेली आवड त्याबरोबर ओसरली असती. हाताला लागलेल्या ग्रीसवर उभी असलेली आवड ओसरली नाही.

मात्र या कथेत एक पात्र कायम गाळलेले असते. रायडर आहे, मालक आहे, मेकॅनिक आहे; गाडी जुळवणारा कामगार नाही, ना चाकणचा ना माटिगहोफेनचा. त्या हिवाळ्यात ऑस्ट्रियात शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. गिरण्यांचा संप पाहिलेल्या शहरात हा विषय अनोळखी वाटू नये. मी तो एकदा काढून पाहिला. सगळ्यांनी ऐकून घेतले, एकाने 'वाईट झालं' म्हटले, आणि मग अकोस्ताला पगार किती मिळतो यावर वाद सुरू झाला.