विश्लेषण : मँचेस्टर युनायटेडचे नवे स्टेडियम की सर्कशीचा तंबू? चाहत्यांचा राग नेमका कशावर?

एक लाख आसने, २०० मीटरपर्यंत उंचीचे तीन खांब आणि या सगळ्यावर एक अवाढव्य छत्री. मँचेस्टर युनायटेडच्या नियोजित स्टेडियमची संकल्पचित्रे प्रसिद्ध होताच चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले. पण वाद खरोखर छत्रीच्या आकाराचा आहे का? त्याविषयी…

नवे स्टेडियम कसे असणार?

इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड क्लबने ११ मार्च २०२५ रोजी नव्या स्टेडियमची संकल्पचित्रे आणि प्रतिकृती जगासमोर आणली. सध्याच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाशेजारीच हे स्टेडियम उभारण्याचा विचार आहे. ओल्ड ट्रॅफर्डची क्षमता सुमारे ७४ हजार आहे. नव्या स्टेडियममध्ये एक लाख प्रेक्षक बसतील. म्हणजे लंडनच्या ९० हजार क्षमतेच्या वेम्ब्लीपेक्षाही ते मोठे असेल. आराखडा आहे ‘फोस्टर अँड पार्टनर्स’ या वास्तुरचना संस्थेचा. तिचे संस्थापक लॉर्ड नॉर्मन फोस्टर मूळचे मँचेस्टरचेच. वेम्ब्लीचे नवे स्टेडियम आणि २०२२च्या विश्वचषकाचा अंतिम सामना झालेले कतारमधील लुसैल स्टेडियम या दोन्हींच्या रचनेत याच संस्थेचा सहभाग होता.

आराखड्यातील सर्वात ठळक गोष्ट म्हणजे तीन उंच खांबांवर तोललेले छत. क्लबच्या चिन्हावरील सैतानाच्या हातात त्रिशूळ आहे, म्हणून या खांबांनाही ‘त्रिशूळ’ म्हटले गेले. ते ४० किलोमीटरवरून दिसतील, असा दावा आहे. छताखाली स्टेडियमभोवती लंडनच्या ट्रॅफल्गार चौकाच्या दुप्पट आकाराचे मोकळे आवार असेल. खर्चाचा अंदाज सुमारे २ अब्ज पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण २२ हजार कोटी रुपये.

चाहत्यांची प्रतिक्रिया काय?

पहिली प्रतिक्रिया विनोदाची होती. ‘सर्कशीचा तंबू’ हे नाव काही तासांतच रूढ झाले. मैदानावर संघाची कामगिरी ढेपाळलेली असताना तंबू आणि विदूषकांचे विनोद प्रतिस्पर्धी चाहत्यांना आयतेच मिळाले. युनायटेडच्या अनेक चाहत्यांनाही हे चित्र फुटबॉलच्या मैदानापेक्षा विमानतळाचे किंवा मॉलचे वाटले. लाल विटांच्या, गिरण्यांच्या मँचेस्टरशी याचे नाते काय, असा त्यांचा प्रश्न.

दुसरीकडे, आराखडा आवडलेल्यांची संख्याही कमी नव्हती. क्लबने बऱ्याच वर्षांनी काही तरी भव्य करायचे ठरवले, याचेच त्यांना अप्रूप होते. टॉटनहॅम, आर्सेनल, मँचेस्टर सिटी हे क्लब नव्या स्टेडियममध्ये गेले आणि आपण गळक्या छताखाली बसलो, ही सल जुनी आहे. त्याआधी क्लबने चाहत्यांचा कौल घेतला, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी नव्या स्टेडियमला, तर साधारण एकतृतीयांश लोकांनी जुन्याच्या नूतनीकरणाला पसंती दिली होती.

तिसरा गट मात्र वेगळेच विचारत होता. ‘मँचेस्टर युनायटेड सपोर्टर्स ट्रस्ट’ या चाहत्यांच्या संघटनेने आराखड्यातील महत्त्वाकांक्षेचे स्वागत करतानाच प्रश्न मांडले. तिकिटे महागणार का, कर्ज वाढणार का, संघबांधणीचा पैसा इकडे वळणार का आणि मैदानावरचे वातावरण टिकणार का? या चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर संकल्पचित्रांत नव्हते.

जुने ओल्ड ट्रॅफर्ड का नको?

ओल्ड ट्रॅफर्ड १९१०मध्ये सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात ११ मार्च १९४१च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात त्याची मोठी हानी झाली आणि १९४९पर्यंत युनायटेडला शेजारच्या मँचेस्टर सिटीच्या मेन रोड मैदानावर खेळावे लागले. योगायोग असा, की नव्या स्टेडियमची चित्रे बरोबर ८४ वर्षांनी त्याच तारखेला आली.

एकेकाळी देशातील सर्वोत्तम क्लब मैदान म्हणून त्याची ख्याती होती. पण २००६मधील विस्तारानंतर मोठे काम झाले नाही. मे २०२४मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर मुसळधार पावसात छताच्या कोपऱ्यातून अक्षरशः धबधबा कोसळला आणि ती चित्रफीत जगभर फिरली. अरुंद आसने, गुडघे टेकवणाऱ्या रांगा या तक्रारी तर नेहमीच्या. दक्षिण स्टँडच्या पाठीला लागून रेल्वेमार्ग असल्याने त्या बाजूने विस्तार करणे अवघड आणि खर्चिक आहे. शिवाय नूतनीकरण करायचे तर काही हंगाम कमी प्रेक्षकांत खेळावे लागेल. शेजारी नवे स्टेडियम बांधले तर ते पूर्ण होईपर्यंत जुने वापरता येते.

छत्री कशासाठी?

मँचेस्टर पावसासाठी प्रसिद्ध आहे. छत्रीमुळे बाहेरचे आवारही कोरडे राहील, पावसाचे पाणी साठवता येईल आणि छतावर सौरऊर्जा निर्माण करता येईल, असे वास्तुरचनाकारांचे म्हणणे आहे. सामना नसलेल्या दिवशीही लोकांनी तेथे यावे, हा यामागचा व्यापारी हेतू. सगळ्या परिसराच्या पुनर्विकासातून ९२ हजार रोजगार, १७ हजार घरे आणि वर्षाला १८ लाख अतिरिक्त पर्यटक, असा क्लबचा अंदाज आहे.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने खांबांवरून तोललेल्या छतात नवल नाही. खांब आत उभे न करता मोठे अंतर झाकायचे, तर छत वरून तोलून धरणे हा जुना मार्ग आहे. वेम्ब्लीची १३३ मीटर उंच कमान हेच काम करते. नवल आहे ते वेळापत्रकाचे. स्टेडियमचे १६० मोठे भाग अन्यत्र तयार करून मँचेस्टर शिप कॅनॉलमार्गे आणायचे आणि दहा वर्षांचे काम पाच वर्षांत संपवायचे, अशी कल्पना मांडली गेली. वेम्ब्लीचा अनुभव येथे आठवतो. ते काम इतके रखडले, की २००६चा एफए कप अंतिम सामना वेल्समधील कार्डिफमध्ये खेळवावा लागला. स्टेडियम खुले झाले २००७मध्ये.

चित्रात काय दिसत नाही?

संकल्पचित्रे बहुतेक वेळा आकाशातून घेतलेली असतात. चाहता मात्र स्टेडियम पाहतो ते आसनावर बसून. त्याच्यासाठी छतापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या असतात : मैदान किती स्पष्ट दिसते आणि आवाज किती घुमतो.

पुढच्या माणसाच्या डोक्यावरून मैदान दिसते की नाही, हे स्टेडियमच्या रचनेत ‘सी व्हॅल्यू’ने मोजतात. मागच्या प्रेक्षकाच्या नजरेची रेषा पुढच्याच्या डोक्यावरून किती मिलिमीटर वरून जाते, ते हे माप. साधारण ९० मिलिमीटर चांगले, १२० उत्तम आणि ६० कामचलाऊ समजले जाते. हे माप वाढवायचे तर पायऱ्यांचा चढ वाढवावा लागतो, आणि चढ वाढला की स्टँड उंच होतो. एक लाख आसनांत सर्वांना चांगले दृश्य देताना शेवटची रांग मैदानापासून फार दूर जाऊ नये, ही तारेवरची कसरत आहे.

आवाजाचेही तसेच. छत स्टँडच्या जवळ आणि टणक असेल तर गाणी, घोषणा परावर्तित होऊन मैदानावर उतरतात. छत उंच असेल किंवा पातळ पडद्यासारखे असेल, तर आवाज वर निघून जातो. टॉटनहॅमने २०१९मध्ये सुरू केलेल्या स्टेडियममध्ये एकाच टप्प्याचा १७,५०० आसनांचा स्टँड मुद्दाम याचसाठी बांधला. जर्मनीत डॉर्टमुंडच्या मैदानावर सुमारे २५ हजार लोक उभे राहून सामना पाहतात, ती पिवळी भिंत त्यांच्या डोळ्यांसमोर होती. युनायटेडच्या आराखड्यात ओल्ड ट्रॅफर्डच्या स्ट्रेटफर्ड एंडची, म्हणजे कडव्या पाठीराख्यांच्या स्टँडची जागा कोण घेणार, हे तंबूच्या विनोदांत बाजूलाच राहिले.

पैशांचे गणित काय?

इथे खरी मेख आहे. ढोबळ हिशेब करून पाहू. नव्या स्टेडियममध्ये साधारण २६ हजार आसने वाढतील. समजा ही सगळी आसने प्रत्येकी ६६ पौंडांना विकली गेली आणि वर्षात २५ सामने घरच्या मैदानावर झाले. तरी वर्षाला जास्तीचे उत्पन्न होते सुमारे ४ कोटी ३० लाख पौंड. आता समजा बांधकामाचे २ अब्ज पौंड पाच टक्के दराने कर्जाऊ घेतले. त्याचे नुसते व्याजच वर्षाला १० कोटी पौंड होते. म्हणजे वाढीव आसनांच्या तिकिटांतून अर्धे व्याजही निघत नाही.

उरलेला पैसा येणार कुठून? पर्याय तीनच. सगळीच तिकिटे महाग करणे, श्रीमंत पाहुण्यांसाठीच्या आलिशान कक्षांची आणि महागड्या आसनांची संख्या वाढवणे किंवा प्रायोजक, मैफली, पर्यटन यांतून कमाई करणे. तिसऱ्या पर्यायावर भिस्त ठेवूनही पहिल्या दोन्हींचा मोह टाळणे क्लबला कठीण जाईल. म्हणूनच एक लाखांपैकी किती आसने सामान्य चाहत्याला परवडतील, हा आकडा खांबांच्या उंचीपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

चाहत्यांच्या संशयाला इतिहासही आहे. २००५मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेतला तो मोठ्या प्रमाणावर कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा भार क्लबवरच टाकला. २०२४मध्ये सर जिम रॅटक्लिफ यांनी मोठा हिस्सा घेऊन फुटबॉलचा कारभार हाती घेतला. त्यानंतर शेकडो कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस, हंगाम सुरू असतानाच, उरलेल्या सामन्यांची सदस्यांसाठीची तिकिटे सरसकट ६६ पौंड, म्हणजे सात हजार रुपयांहून अधिक झाली. मुले आणि ज्येष्ठांची सवलतही त्यात गेली. संकल्पचित्रे येण्याच्या दोनच दिवस आधी, ९ मार्चला आर्सेनलविरुद्धच्या सामन्याआधी हजारो चाहत्यांनी काळे कपडे घालून मालकांविरुद्ध मोर्चा काढला होता. ही पार्श्वभूमी पाहिली, की आराखड्यावरची कडवट प्रतिक्रिया निव्वळ सौंदर्यदृष्टीतून आलेली नाही, हे लक्षात येते.

इतर क्लबांचा अनुभव काय सांगतो?

आर्सेनल २००६मध्ये हायबरी सोडून एमिरेट्समध्ये गेले. कर्ज फेडताना चांगले खेळाडू विकावे लागले आणि २००५नंतर मोठ्या करंडकासाठी २०१४पर्यंत वाट पाहावी लागली. नवे स्टेडियम परके वाटते, ही तक्रार इतकी वाढली, की क्लबला २००९पासून भिंती, पुतळे, चित्रे यांतून तेथे जुना इतिहास आणावा लागला.

वेस्ट हॅम २०१६मध्ये लंडन ऑलिम्पिकच्या स्टेडियममध्ये गेले. ते मुळात धावपटूंसाठी बांधलेले. त्यामुळे प्रेक्षक मैदानापासून दूर पडले. २०१८मध्ये बर्नलीविरुद्धच्या सामन्यात चाहते थेट मैदानात उतरले, त्यामागे इतर कारणांसोबत स्थलांतराचा रागही होता.

लिव्हरपूल शहरातील एव्हर्टनने मात्र नदीकाठच्या जुन्या गोदीतील नव्या स्टेडियमसाठी सुरुवातीपासून हजारो चाहत्यांची मते घेतली. गोदीच्या विटांची आठवण नव्या रचनेत ठेवली. १८९२पासूनचे गुडिसन पार्क पाडण्याऐवजी ते महिला संघाला देण्याचा निर्णय २०२५मध्ये झाला. ओल्ड ट्रॅफर्डच्या वाट्याला हे भाग्य येण्याची चिन्हे नाहीत. नवे स्टेडियम उभे राहिल्यावर ते पाडले जाण्याचीच शक्यता अधिक. १९५८च्या म्युनिक विमान दुर्घटनेत गेलेल्या खेळाडूंच्या स्मरणार्थ तेथे घड्याळ आणि फलक आहेत, सर मॅट बस्बी यांचा पुतळा आहे. त्यांची नवी जागा हा अनेक कुटुंबांच्या दृष्टीने आराखड्यातला सर्वात हळवा भाग आहे.

मुंबई-पुण्यातील चाहत्यांचा संबंध काय?

वर्षाला १८ लाख अतिरिक्त पर्यटक, हा अंदाज ज्यांच्या भरवशावर आहे त्यांत रात्री जागून सामने पाहणारे महाराष्ट्रातील चाहतेही येतात. पॅरिसला गेलेला माणूस आयफेल टॉवर पाहतोच, तसे मँचेस्टरला आलेल्याने हे स्टेडियम पाहावे, अशी रॅटक्लिफ यांची इच्छा आहे. आयुष्यात एकदाच येणारा पाहुणा महाग तिकीट आनंदाने घेतो. पण तो ज्या गाण्यांसाठी, गजरासाठी येतो, ते वातावरण दर आठवड्याला येणारा स्थानिक माणूस तयार करतो. तो परवडत नाही म्हणून घरी बसला, तर पाहुण्याला दिसेल ते फक्त छत.

पुढे काय?

हा आराखडा संकल्पनेच्या पातळीवरचा होता. जमिनीचा ताबा, शेजारच्या रेल्वे मालवाहतूक टर्मिनलचे स्थलांतर, बांधकाम परवानगी आणि मुख्य म्हणजे निधी असे टप्पे त्यानंतरचे. परिसराच्या विकासाला ब्रिटिश सरकारचा पाठिंबा असला, तरी स्टेडियमचा खर्च क्लबनेच उभा करायचा आहे. संकल्पचित्र आणि प्रत्यक्ष बांधकाम यांत फरक पडतोच. याच फोस्टर यांनी २००७मध्ये बार्सिलोनाच्या कॅम्प नू मैदानासाठी केलेला रंगीबेरंगी आराखडा तर कागदावरच राहिला.

म्हणून छत्री राहील की जाईल, यावर भांडण्यात फारसा अर्थ नाही. परवानगी मिळण्याआधी, रेषा बदलणे स्वस्त असतानाच, क्लबने तीन गोष्टी लेखी सांगायला हव्यात : परवडणाऱ्या आसनांची किमान संख्या, सध्याच्या सीझन तिकीटधारकांची नव्या स्टेडियममधील जागा आणि कर्जाची मर्यादा. इमारतीच्या आकाराची सवय लोकांना होते. तिकीट परवडेनासे झाले, तर त्या आकाराकडे बाहेरून पाहण्याचीही सवय करून घ्यावी लागते.