ओळखा पाहू, चाक कुणाचं?

'मॅग व्हील' हा शब्द आपण होस्टेलच्या पार्किंगमध्ये किती सहज वापरतो! कुणी बाइकला अलॉय बसवून आणली, की "काय मॅग टाकलंय रे!" म्हणत सगळे गोळा होतात. त्या चाकात मॅग्नेशियम असतं ते औषधापुरतं. बाकी सगळं ॲल्युमिनियम. शब्द मात्र खऱ्या मॅग्नेशियमच्या चाकांवरून आला, आणि ती चाकं आज अमेरिकेतले हॉट रॉडवाले जिवापाड शोधत फिरतात. ती ओळखायची कशी यावर तिकडे जोरदार वाद चालतात. त्या वादात माझं एक मत आहे, आणि ते आपल्या फाउंड्री शॉपमधूनच आलेलं आहे. म्हणून हा प्रपंच.

आधी हॉट रॉड म्हणजे काय ते. १९३०-४० च्या दशकांत दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्या घ्यायची. मॉडेल ए, किंवा नशीब जोरावर असेल तर १९३२ ची व्ही-८. मडगार्ड काढून फेकायची, इंजिनावर हवे ते प्रयोग करायचे आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रात सुसाट सोडायची. त्यांची संघटना, साउदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन, १९३७ साली स्थापन झाली. १९४९ पासून युटातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर 'स्पीड वीक' सुरू झाला. गाडी हलकी करायची तर चाक हलकं करणं सगळ्यात फायद्याचं, हे थिअरी ऑफ मशिन्स शिकलेल्यांना सांगायला नको. चाक पुढेही जातं आणि फिरतंही, त्यामुळे त्याचा प्रत्येक किलो दोनदा भरावा लागतो. शिवाय ते स्प्रिंगच्या खालचं वजन!

टेड हॅलिब्रँड हा माणूस डग्लसच्या विमान कारखान्यात काम केलेला. विमानातलं मॅग्नेशियम त्याच्या परिचयाचं. महायुद्धानंतर त्याने कल्व्हर सिटीत रेसच्या गाड्यांसाठी मॅग्नेशियमची ओतीव चाकं बनवायला घेतली. १९५० च्या दशकात इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत हॅलिब्रँडची चाकं म्हणजे जवळजवळ नियमच झाला. ट्रॅकवर जे शोभलं ते रस्त्यावरच्या पोरांनाही हवंहवंसं वाटलं. मग अमेरिकन रेसिंग आली, इतर आले. १९६४ मध्ये क्रेगरचं एस/एस आलं. स्टीलची रिम, ॲल्युमिनियमचा मधला भाग, वरून क्रोम. बोलताना लोक त्यालाही 'मॅग'च म्हणायला लागले. (क्रेगर हे नाव क्रेन गार्ट्झ या माणसाच्या नावाचे तुकडे जोडून केलेलं आहे. आपल्याकडे दुकानांना 'सुरमा' वगैरे नावं देतात, तसंच!)

आता मुद्द्याचं. बहुतेक लोक चाक ओळखतात ते नाव वाचून किंवा फोटो बघून. चाकावर 'हॅलिब्रँड' अशी ओतीव अक्षरं दिसली की संपलं. माझं म्हणणं असं, की अक्षरं हा सगळ्यात कच्चा पुरावा. जे ओतता येतं ते परत ओतता येतं. ओळख पटवायची तर धातूपासून सुरुवात करावी, मग ओतकाम बघावं, मग मापं घ्यावीत. नाव वाचायचं ते शेवटी.

धातू ओळखणं सोपं. मॅग्नेशियमची घनता १.७४, ॲल्युमिनियमची २.७०. सारख्या घडणीचं चाक उचललं तर हाताला लगेच कळतं. शंका असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, थोडं खरवडून व्हिनेगरचा एक थेंब टाकावा. मॅग्नेशियम असेल तर ताबडतोब बुडबुडे येतात, ॲल्युमिनियम ढिम्म बसून राहतं. मेसमधलं लिंबूही चालेल. नंतर पाण्याने धुवून कोरडं करायला विसरू नये, एवढंच. आणि क्रेगरसारख्या चाकाला तर खिशातलं लोहचुंबक पुरतं. रिमला चिकटतं, मधल्या भागाला नाही.

खरी गंमत ओतकामात आहे. जुन्या रेसिंग चाकांपैकी बरीचशी वाळूच्या साच्यात ओतलेली. स्पोकच्या मागे, जिथे कुणी मशिन फिरवलेलं नाही, तिथे वाळूचा खरबरीतपणा, पार्टिंग लाइन, कानशीने हाताने घासल्याच्या खुणा राहतात. आता समजा कुणी लबाडाने खरं चाक घेतलं, तेच पॅटर्न म्हणून वाळूत दाबलं आणि नक्कल ओतली. काय होईल? सेकंड इयरला आपण घोकलेलं आहे: श्रिंकेज अलाउन्स! ॲल्युमिनियम थंड होताना मीटरमागे साधारण १३ मि.मी. आकसतं. मूळ पॅटर्न बनवणाऱ्याने ती भर घातलेली होती. नक्कल करणाऱ्याने चाकच पॅटर्न म्हणून वापरल्यामुळे ती भर मिळतच नाही. म्हणजे नक्कल सव्वा टक्क्याने लहान. रिम आणि मधलं भोक मशिनवर कापून मापात आणता येईल, कारण त्यासाठी जास्तीचा धातू ठेवता येतो. पण दोन स्पोकमधली खिडकी, स्पोकची रुंदी, अक्षरांची उंची यांना मशिन लागत नाही. ८० मि.मी.च्या मापात १ मि.मी. कमी. व्हर्नियरला एक मिलिमीटर म्हणजे दिवाळी! कोल्हापूरच्या कुठल्याही जुन्या पॅटर्नवाल्याला हे सांगा, तो म्हणेल, "त्यात काय एवढं?"

इथे एक प्रामाणिक हरकत येते. हाताने वाळू दाबून ओतलेली दोन खरी चाकंसुद्धा तंतोतंत सारखी नसतात. पॅटर्न झिजतो, दुरुस्त होतो, साचा जरा हलतो. बरोबर आहे. पण तसा फरक कसाही पडतो, इथे जास्त तिथे कमी. नकलेतला फरक सगळीकडे एकाच दिशेने आणि एकाच प्रमाणात येतो. म्हणून एक माप घेऊन निकाल देऊ नये. दहा घ्यावीत, आणि शेजारी खात्रीचं चाक असावं.

मापांचा आणखी एक उपयोग म्हणजे चाक कुठल्या गाडीचं ते कळतं. पाच बोल्टच्या चाकात समोरासमोर भोकं नसल्याने वर्तुळाचा व्यास सरळ मोजता येत नाही. शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर घ्या आणि १.७ ने गुणा. जुन्या फोर्डचं वर्तुळ साडेपाच इंचांचं, म्हणजे शेजारचं अंतर सुमारे ८२ मि.मी. १९३६ ते ३९ ची फोर्ड मात्र वेगळीच, सव्वादहा इंचांचं अवाढव्य वर्तुळ. नंतरची फोर्ड साडेचार इंच, शेवरोले पावणेपाच. एखाद्या चाकात बुजवलेली भोकं आणि शेजारी नवी पाडलेली दिसली, तर ते एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर नांदायला गेलेलं आहे, हे समजावं. ट्रॅकवरच्या अस्सल चाकांना बऱ्याचदा बोल्टच नसत. मध्ये एक मोठी नॉक-ऑफ नट, आणि हबवरच्या पिना चाकातल्या भोकांत बसून फिरवण्याचा जोर देत. अशी भोकं लांबुळकी झिजली असतील, तर मला त्या चाकावरच्या नावापेक्षा त्या झिजेवर जास्त विश्वास वाटतो.

आणि म्हणूनच पॉलिशवाल्यांवर माझा राग आहे. चाक हाती लागलं, की पहिलं काम काय? सँडब्लास्ट करणं, बफ मारणं, आरशासारखं चमकवणं! जुन्या मॅग्नेशियमवर डाउ कंपनीच्या पद्धतीची डायक्रोमेटची तपकिरी-सोनेरी झाक असायची, गंजू नये म्हणून. टायरखाली, पॉलिशचा हात पोचत नाही तिथे, ती आजही सापडू शकते. बफ मारलात की झाक गेली, कानशीच्या खुणा गेल्या, वाळूचा पोत गेला. उरलं ते एक चकचकीत चाक, खऱ्या-खोट्यात फरक न करता येणारं. वर मॅग्नेशियम उघडं पडल्यामुळे पुढच्या पावसात पांढरी भुकटी धरणार ती वेगळीच. प्रदर्शनात चकाकीला टाळ्या मिळतात हे मला मान्य आहे. पण आधी फोटो काढा, मापं घ्या, मग काय घासायचं ते घासा.

"गाडी चालवायला असते, म्युझियममध्ये ठेवायला नाही," असं म्हणणारे भेटतात. गाडीबद्दल मी त्यांच्याच बाजूचा. चाकाबद्दल नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं मॅग्नेशियम, किती शर्यती खाल्लेलं, किती कठड्यांना धडकलेलं, कुणाला ठाऊक? बोल्टच्या स्टीलला चिकटून मॅग्नेशियम गंजतं, गंजाच्या खड्ड्यातून भेग सुरू होते, आणि फटीग आधी नोटीस देत नाही. डाय पेनिट्रंट टेस्ट आपल्या लॅबमध्ये एका प्रॅक्टिकलमध्ये उरकते. ती न करता असं चाक रस्त्यावर आणणाऱ्याला हौशी म्हणायचं की बेफिकीर, ते तुम्हीच ठरवा. कारण सुटलेलं चाक मालकाच्याच अंगावर जाईल असं काही नाही.

चालवायचं असेल तर त्या घाटाची ॲल्युमिनियमची नवी चाकं मिळतात, ती खुशाल लावा. नवं चाक नवं म्हणून विकलं तर त्यात काही वाईट नाही. बनवणाऱ्याची खूण घासून, ॲसिडमध्ये बुडवून 'जुनं' केलं, की मग ती फसवणूक.

भेग सापडलेल्या चाकाचं काय? वेल्डिंग करून परत चढवू नका. ग्राइंडर लावणार असाल तर खाली पडणारा कीस सांभाळा. मॅग्नेशियमचा सबंध ठोकळा सहजी पेटत नाही, पण कीस पेटतो, आणि त्यावर पाणी ओतलं तर हायड्रोजन निघून आग आणखी भडकते. कोरडी वाळू जवळ ठेवा. त्यापेक्षा सरळ भिंतीवर टांगा. खिळा साधा चालेल, फार वजन नाही त्याला.